लाल ठिपक्याचे सहा तुकडे

१२ ऑगस्ट

मामा,

आई म्हणाली, तुझ्या उजव्या कानानेही आता संप पुकारला. पंचवीस वर्षं पंपांच्या शेजारी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार! म्हणजे फोन संपला. मेसेज तू वाचत नाहीस, आणि वाचलास तरी उत्तर देत नाहीस. तेव्हा पत्र. एका अर्थी बरंच झालं. फोनवर तू माझं अर्धंच ऐकायचास आणि उरलेलं स्वतःच्या मनाने भरून घ्यायचास.

सोबतच्या डबीत चकत्यांतून कापलेले बारा तुकडे आहेत, प्रत्येक नखाएवढा. गॅलियम नायट्राइड, त्यावर ॲल्युमिनियम मिसळलेला थर, वर धातूचे संपर्क. सगळं बसवून झालंय, फक्त पांघरूण घालायचं राहिलंय. पाठीवर लाल ठिपका असलेले सहा माझे. त्यांच्या अगदी वर मी दोन नॅनोमीटरचा आणखी एक थर वाढवलाय. माझा सगळा प्रबंध त्या दोन नॅनोमीटरवर उभा आहे. निळ्या ठिपक्याचे सहा माझ्या सहकाऱ्याचे. त्यांच्यावर तो जास्तीचा थर नाही. (तोच रे तो लंबू, गेल्या खेपेला तुला स्टेशनवर घ्यायला आला होता आणि दाराच्या चौकटीला कपाळ आपटलं होतं.)

आमचं मशीन बंद पडलंय म्हणून तुमच्या प्रयोगशाळेची रीतसर परवानगी काढली आहे. दोन्हींवर सिलिकॉन नायट्राइड चढवून हवंय, तुमची रेसिपी सात. दोन्हींना अगदी एकसारखं, मामा. इथे आल्यावर मी सुया टेकवून मोजणार, की सरळ विजेवर जेवढा प्रवाह मिळतो त्यातला किती झटक्याच्या विजेवर गळून पडतो. गळती कमी झाली, तर मी डॉक्टर. नाही झाली, तर तुझ्या शेजारी स्टूल टाक.

तुझी,
मुंगी


२५ ऑगस्ट

मुंगे,

डबी १९ तारखेला मिळाली. फडक्यात गुंडाळली होतीस ते चांगलं केलंस, पण फडक्याचे धागे सुटतात. पुढच्या वेळी लक्षात ठेव. एका निळ्या तुकड्याचा कोपरा उडालेला आहे. तो आमच्याकडे उडालेला नाही, लंबूला सांग.

लाल तुकडे २२ तारखेला सकाळी नऊ पन्नासला आत घातले, निळे २३ ला दहा पाचला. तापमान तीनशे. जाडी शंभर मागितली होतीस, लालवर एकशे दोन भरली, निळ्यावर एकशे एक. नोंदवहीची नक्कल सोबत आहे.

तू चौथीत असताना विचारायचीस, मामा तू दिवसभर त्या पांढऱ्या झग्यात करतोस काय? मी गल्लीचं सांगायचो, आठवतं? खाली गल्लीतून माणसं चाललीत, ती वीज. वर गॅलऱ्यांत टवाळखोर बसलेत. खालून जाणाऱ्याला ते असं काही हटकतात, की हळूहळू त्या गल्लीत कुणी पाऊल टाकेनासं होतं. गल्ली तीच, रुंदी तीच, वर्दळ मात्र आटली. चकतीच्या पृष्ठभागावर जे अणू उघडे पडलेले असतात, त्या या गॅलऱ्या. आपण त्या बंद करतो. लोकांनी त्याला पॅसिव्हेशन असं भारदस्त नाव दिलंय. तू तेव्हा म्हणाली होतीस, मग टवाळखोर जातात कुठे? त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

तुझं काम चोख झालंय. तुझ्या तुकड्यांना मामाचा हात लागलाय, एवढंच सांगतो.

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहीत नाही.

मामा


१९ ऑक्टोबर

मामा, चार!

चार टक्के! लंबूच्या निळ्या तुकड्यांवर छत्तीस टक्के प्रवाह गळला, माझ्या लाल तुकड्यांवर चार. सहाच्या सहा तुकड्यांवर. पहिल्यांदा मला वाटलं सुई नीट टेकली नाही. चौथ्या तुकड्यानंतर मी उठून पाणी पिऊन आले. आमच्या बाईंनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आकडा वाचला आणि म्हणाल्या, "हे लिहून काढ, आजच." या बाई कुणाला 'बरं' असंही म्हणत नाहीत, मामा.

आणि बघ कसं स्वच्छ आहे सगळं. पांघरूण दोन्हींवर एकच, मशीन एकच, माणूस एकच. फरक काय तो माझ्या दोन नॅनोमीटरचा! लंबूने दिवसभर आपले निळे तुकडे पुन्हा मोजले. संध्याकाळी येऊन म्हणाला, "घे बाई, तू जिंकलीस, मी आता दुसरं काही बघतो." खरंच त्याने त्याची रचना सोडून दिली. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू, फार नाही वाटलं.

आम्ही शोधनिबंध छापायला पाठवतोय. आईला सांग, मी सांगितलं तर तिला 'चार टक्के' म्हणजे मी नापास झाले असं वाटेल.

मुंगी


६ नोव्हेंबर

मुंगे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या आईला समजावलं. ती शेजारी सांगून आली की पोरीला शंभरातले शहाण्णव मिळाले. मी दुरुस्त केलं नाही.

एक सांगू? घाई करू नका. आणखी चार तुकडे कर, दुसऱ्या एखाद्या मशीनवर पांघरूण घाल, मग लिही. एका दिवसाच्या कामावर एवढं उभं करू नये. बाई अनुभवी आहेत, त्यांना माझं सांगणं आगाऊपणाचं वाटेल, म्हणून तुझंच म्हणून सांग.

आमच्याकडे नवीन मशीन येतंय. जुनं मोडीत. नव्याला तुकडे आत घालायला दाराऐवजी पेटी आहे, रेसिप्या कुलूपबंद, किल्ली साहेबांच्या संगणकात. आमच्या साहेबांना तू पाहिलं आहेस, कंबरेला किल्ल्यांचा जुडगा लावून फिरतात ते. आता कंबर मोकळी होईल त्यांची. मला गॅसच्या टाक्यांच्या नोंदींवर बसवणार आहेत. एकोणीस वर्षं त्या जुन्या मशीनवर काढली, पण तक्रार नाही.

मामा


१० फेब्रुवारी

मामा,

निबंध छापून आला! प्रत सोबत. तू म्हणालास तसं आणखी तुकडे करायचे होते, पण बाई म्हणाल्या, आपण थांबलो तर दुसरं कुणी आधी छापेल. तुकडे करतेच आहे.

एक गोष्ट आहे. आभारांच्या ओळीत मी तुझं नाव घातलं होतं. शेवटच्या प्रतीत ते नाही. तिथे 'तांत्रिक साहाय्य' एवढंच उरलंय. बाई म्हणाल्या, मामाचं नाव घातलंस तर लोक घरचं काम म्हणतील. मी भांडले नाही. भांडायला हवं होतं. रागावलास का? रागावला असशील तर सरळ लिही, गोड लिहू नकोस.

मुंगी


१ मार्च

मुंगे,

प्रत मिळाली. आकृती तीनमधली रेघ जाड झाली आहे, खालचे आकडे झाकले जातात.

आभारांचं ठीक आहे. मी पांघरूण घालणारा माणूस. पांघरूण दिसायचं नसतंच.

मामा


२ एप्रिल

मामा,

नीट सगळं सांगते.

दुसऱ्या एका प्रयोगशाळेने माझ्या निबंधावरून माझीच रचना वाढवली, दोन नॅनोमीटरच्या थरासकट, आणि पांघरूण घातलं. गळती तेहेतीस टक्के. त्यांनी बाईंना अगदी सभ्य पत्र लिहिलं. सभ्य पत्रं फार वाईट असतात. मग मी माझ्याच चकतीच्या उरलेल्या तुकड्यांतले चार आमच्या दुरुस्त झालेल्या मशीनवर रेसिपी सातने झाकले. चौतीस. पस्तीस. तेहेतीस. चौतीस.

तू पाठवलेले सहा मात्र अजून चारवर आहेत. कधीही मोजा, चारच. म्हणजे माझे सहा तुकडे सोडले तर जगात माझा थर कुठेच चालत नाही. प्रबंधाच्या समितीतल्या एकाने सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्ही हे सहा तुकडे निवडून घेतले होते का?" निवडून म्हणजे काय ते तुला कळलंच असेल. लंबू तिथेच बसला होता. तो खाली बघत होता.

मला ३० जूनपर्यंत मुदत आहे. तोवर दुसऱ्या कुणाच्या हातून बनलेल्या तुकड्यावर हाच आकडा आला पाहिजे. नाही आला तर मुख्य प्रकरण प्रबंधातून काढायचं, म्हणजे प्रबंधच उरत नाही.

मामा, त्या दिवशी काही वेगळं झालं होतं का? टाकी बदलली होती? मशीन नुकतं धुतलं होतं? आठवून बघ. तू सगळं लिहून ठेवतोस. वहीत असेलच.

मुंगी


९ एप्रिल

मुंगे,

वही पाहिली. २२ ऑगस्ट, रेसिपी सात. टाकी जुलैत बदललेली. मशीन १८ ऑगस्टला धुतलेलं. दोन्ही दिवसांच्या नोंदी सारख्या आहेत. वहीत जे आहे ते हे आहे.

मामा


१३ एप्रिल

मुंगे,

आधीचं पत्र टपालात टाकलं त्याला चार दिवस झाले. वहीत जे आहे ते मी लिहिलं. जे नाही ते आता लिहितो.

२२ ऑगस्टला, पांघरूण घालण्याआधी, मी तुझे लाल तुकडे मशीनच्या चेंबरमध्ये नुसत्या अमोनियाच्या प्लाझ्मात, म्हणजे विजेने चमकवलेल्या वायूत, धरले. चाळीस सेकंद. त्याने पृष्ठभागावर बसलेला ऑक्सिजन निघतो आणि उघड्या अणूंना नायट्रोजन मिळतो, म्हणजे गॅलऱ्या बंद करण्याआधीच रिकाम्या होतात. हे मला सात वर्षांपूर्वी सापडलं. तेव्हा साहेबांकडे कागद घेऊन गेलो होतो. कागद न बघता ते म्हणाले, "तुम्ही बटणं दाबा, विचार करायला आम्ही आहोत ना." आमच्याकडे रेसिपी बदलायला त्यांची सही लागते. सही मागायला मी पुन्हा गेलो नाही. तुटक्यामुटक्या तुकड्यांवर करून बघत राहिलो, आपल्यापुरतं. मला येतं हे मला ठाऊक होतं, तेवढं पुरायचं.

तुझे तुकडे आले तेव्हा वाटलं, परक्यांना नाही दिलं, पण ही आपली पोर आहे. लाल ठिपक्याचे माझे, असं तू लिहिलंस. माझ्या माणसाच्या तुकड्यांना मी हातचं राखून काम करायचं? निळ्यांना दुसऱ्या दिवशी साधी रेसिपी दिली, कारण ते लंबूचे.

'दोन्हींना अगदी एकसारखं' हे तू लिहिलं होतंस. मी ते वाचलं. मला वाटलं, पत्र लंबूच्या नजरेखालून गेलं असणार म्हणून तू तसं लिहिलंस, त्याला वाईट वाटू नये म्हणून. मी मनातल्या मनात हसलोसुद्धा, की पोरगी हुशार झाली. उरलेलं स्वतःच्या मनाने भरून घेतो असं तू त्याच पत्रात लिहिलं होतंस.

निळे तुकडे तुलना करण्यासाठी आहेत हे मला तुझं ऑक्टोबरचं पत्र येईपर्यंत कळलं नाही. कळलं तेव्हा तू नाचत होतीस. 'घाई करू नका' एवढंच लिहू शकलो. त्यानंतर निबंध आला, आभार आले. मग मी गप्प राहिलो ते तुझा आनंद मोडू नये म्हणून की रुसून, हे मला आता सांगता येत नाही. खूप विचार केला. येत नाही सांगता.

तुझा थर काही करत नसावा, मुंगे. जे झालं ते त्या चाळीस सेकंदांनी.

मामा


१९ एप्रिल

मामा,

पत्र तीन दिवस उशाशी पडून होतं. आई फोनवर म्हणाली, तू त्याला उत्तर का देत नाहीस, तो रोज टपालवाल्याची वाट बघतो. तिला काही सांगितलेलं नाही.

मी तुला काय म्हणू? तू माझ्यावर माया केलीस आणि मला तोंडघशी पाडलंस, आणि दोन्ही एकाच हाताने, एकाच सकाळी. लंबूने त्याची रचना सोडली रे! त्याचे तुकडे तू चाळीस सेकंद आत धरले असतेस, तर कदाचित तेही चारवर आले असते. मी त्याला आज सांगितलं. तो म्हणाला, "तुझा मामा माझ्याशी स्टेशनवर किती छान बोलला होता."

पण आता रडत बसायला वेळ नाही. थर नाही तर नाही, चाळीस सेकंद तर खरे आहेत ना? तेच प्रबंधात लिहीन, खरं काय घडलं ते, तुझ्या नावासकट. बाईंशी बोलले, त्या तयार आहेत. फक्त ते इथे करून दाखवावं लागेल. मला आकडे दे. दाब किती, अमोनिया किती, शक्ती किती वॅट. शक्ती सगळ्यात महत्त्वाची. कमी पडली तर काही होत नाही आणि जास्त झाली तर पृष्ठभाग भाजून निघतो.

लगेच पाठव. दहा आठवडे आहेत.

मुंगी


२४ एप्रिल

मुंगे,

दाब आणि अमोनियाचे आकडे वेगळ्या कागदावर आहेत. ते पक्के आहेत.

शक्तीचा आकडा नाही.

तो कुठेच नाही. रेसिपी चालते तेव्हा मशीन आपल्याआपण सगळं नोंदतं, पण हाताने चालवलेलं त्यात उतरत नाही. हाताने फिरवायच्या बटणावरचे आकडे झिजून गेले होते आणि त्याच्या काट्याने साठावर मान टाकली होती, ती कधी उचलली नाही. मी रंगावरून लावायचो. चेंबरच्या दाराला बशीएवढी काच होती, त्यातून आतली चमक दिसायची. जांभळी सुरू व्हायची, बटण फिरवत गेलं की तांबूस व्हायला लागायची. एका ठिकाणी ती बरोबर दिसायची, जुन्या तांब्याच्या भांड्याला आतून असतो तसा रंग. तिथे थांबायचं. मला त्यात कधी चूक झाली नाही.

घरी किराणा आणताना पिशवीचं वजनही मी लिहून ठेवतो, तुझी आई हसते. आणि ही एक गोष्ट लिहिली नाही, कारण लिहिली असती तर ती चोरी ठरली असती.

मशीन १७ जानेवारीला भंगारात गेलं. मी त्या दिवशी टाक्या मोजत होतो. खिडकीतून ट्रक जाताना दिसला.

मला तिकडे बोलाव. रंग मी ओळखीन.

मामा


३ मे

मामा,

आम्ही अंदाजाने तीन वेगवेगळ्या शक्तींवर करून पाहिलं. एक्केचाळीस, अडतीस, सत्तेचाळीस. म्हणजे काहीच न केल्याहून वाईट. माझ्याकडे चांगल्या चकतीचे आता पाचच तुकडे उरलेत.

परवानगी मिळवली आहे. २७ मे, दुपारी दोन ते पाच. मशीन तू चालवणार, आमच्या माणसाने शेजारी उभं राहायचं. त्याला मी आधीच सांगून ठेवलंय की मामा टोचून बोलतात, मनावर घेऊ नकोस. लंबू स्टेशनवर येतो म्हणाला. स्वतःहून म्हणाला.

ये तू. मी अजून रागावलेली आहे, पण ये.

मुंगी


२ जून

मुंगे,

तुला न सांगता पहिल्या गाडीने निघालो, त्याबद्दल आधी लिहितो. तू झोपली होतीस. उठून तू मला 'असू दे मामा' म्हणाली असतीस, आणि ते मला ऐकायचं नव्हतं. बहिरा झालो तरी ओठ कळतात.

तुमच्या माणसाने फार चांगली वागणूक दिली. चेंबर स्वच्छ, पंप असा की चालू आहे की बंद ते हात लावून बघावं लागतं. मी काचेपाशी उभा राहिलो आणि बटण फिरवायला लागलो. जांभळी दिसली. पुढे गेलो. गुलाबी दिसली. मागे आलो, पुन्हा पुढे गेलो. तू मागे उभी होतीस, घड्याळ बघत नव्हतीस, म्हणजे बघायची फार इच्छा होत होती. पाचही तुकडे मी वापरून टाकले. प्रत्येक वेळी हाच तो रंग असं स्वतःला सांगितलं, आणि प्रत्येक वेळी मला ठाऊक होतं की हा तो नाही. तांबूस छटा येतच नव्हती.

चौथ्या तुकड्याच्या वेळी माझ्या लक्षात आलं. मी बोललो नाही. आता लिहितो.

तुमच्या मशीनची काच नवी आहे, आरपार. आमच्या काचेवर एकोणीस वर्षांचं साचलेलं होतं. दर खेपेला तुकड्यावर बसतं तसं थोडं नायट्राइड काचेवरही बसतं, थरावर थर, तपकिरी. मी मशीन आतून धुवायचो पण काच घासायचो नाही, ओरखडे पडतात म्हणून. मी जो रंग बघत होतो तो चमकेचा नव्हताच, काचेवरच्या तपकिरी थरातून गाळून आलेला होता. मला वाटायचं माझा डोळा तयार झालाय.

पाच तुकड्यांचे आकडे तू कळवले नाहीस. नको कळवूस.

मी ती काच शोधतोय. साहेबांकडून भंगारवाल्याचा पत्ता काढला. त्याने मशीन दुसऱ्याला दिलंय, त्याने तिसऱ्याला. काच मिळाली तर ती तुमच्या काचेपुढे धरून मला रंग पुन्हा लावता येईल. तीस तारखेला अजून वेळ आहे. लंबूकडे दोन-तीन तुकडे असतील तर मागून ठेव.

मामा


४ जुलै

मामा,

तुझं काहीच पत्र नाही, म्हणजे काच मिळाली नसणार. मिळाली असली तरी आता तसं काही उरलं नाही.

समितीपुढे मी सगळं सांगितलं. तुझं १३ एप्रिलचं पत्र दाखवलं. अध्यक्षांनी ते नीट वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. म्हणाले, "प्रयोगशाळेच्या वहीत रेसिपी सात आहे. हे पत्र तुमच्या मामांचं आहे." एवढंच म्हणाले. वाईट माणूस नाहीत ते. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

तुझ्या सहातला एक तुकडा चिरून आत पाहिलं. पृष्ठभागापाशी नायट्रोजन थोडा जास्त आहे. तो कुणी, कसा, किती शक्तीने घातला ते तुकडा सांगत नाही.

लंबूने त्याचे तीन तुकडे आणून माझ्या टेबलावर ठेवले होते, तू म्हणायच्या आधीच. ते तसेच आहेत.

प्रकरण काढलं. निबंध मागे घेतला, त्यावर माझी सही आहे: 'लेखिकेला हा निकाल पुन्हा मिळवता आला नाही.' बाई म्हणतात दीड वर्षाचं नवीन काम घे. मी अजून हो म्हटलेलं नाही. सकाळी उठते, प्रयोगशाळेत जाते, खुर्चीवर बसते.

आज काहीच करायला नव्हतं म्हणून उरलेले पाच लाल तुकडे पुन्हा मोजले. अजून चारच टक्के, मामा. वर्ष होत आलं. इतकं सुंदर काम मी कुणाच्या हातचं पाहिलेलं नाही, आणि सहा सोड, पुन्हा एकही करता येत नाही. तुलाही नाही.

ते रागावणं कधी गेलं कळलं नाही. ते असतं तर बरं झालं असतं, त्याच्याशी काहीतरी करता आलं असतं.

मुंगी


१९ जुलै

मुंगे,

काच २६ जूनला मिळाली. चार दिवस हातात होते. तरी मी तुला कळवलं नाही. आता सगळं लिहितो, काही न गाळता.

तिसरा भंगारवाला गावाबाहेर, टायरांच्या ढिगापलीकडे. चेंबरचं दार भिंतीला टेकवून ठेवलेलं मी फाटकातूनच ओळखलं. बिजागरीला मी लावलेली तार अजून होती. माझ्या छातीत एवढं धडधडलं की मला ते ऐकू आल्यासारखं वाटलं. काच मात्र दारात नव्हती. मी विचारलं. तो मोठ्यांदा काही बोलला, मला कळेना, म्हणून त्याने हाताला धरून आत नेलं. वागायला भला माणूस. शेल्फवरून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. मग माझ्या कानाशी येऊन ओरडला, "काका, काय घाण बसली होती हिच्यावर! आधी ॲसिडात ठेवली, निघेना. मग चाकावर धरली. दोन दिवस लागले मला!" आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला, मी छान म्हणेन म्हणून.

मी छान म्हटलं. काम खरंच छान होतं, एक ओरखडा नाही.

सोबतच्या डबीत ती पाठवतोय. आपण काय शोधत होतो ते एकदा तुझ्या हातात यावं म्हणून. फडकं घातलेलं नाही, कागद घातलाय.

नोंद: काच एक. व्यास एकशे दहा मिलिमीटर, जाडी नऊ. वजन घरच्या काट्यावर एकशे नव्वद ग्रॅम. कडेला एका जागी बारीक टवका, तो जुनाच आहे, माझ्या हातून पडलेला. काल सकाळी साडेनऊला खिडकीत धरून दोन्ही बाजूंनी पाहिली. समोरची भिंत दिसली, भिंतीवरची तार दिसली, तारेवरचे कपडे दिसले. कपड्यांचे रंग जसेच्या तसे.

मामा